आतली कामटी

कुत्र्याच्या पुढच्या पायात कोपराखाली दोन हाडं असतात. हे मला नीट कळलं तेव्हा मी एकतीस वर्षांचा होतो, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला लागून सात वर्षं झाली होती, आणि ती दोन्ही हाडं माझ्या हातात होती. एक मोडलेलं. एक अखंड.

त्या अखंड हाडाचा धक्का अजून ओसरलेला नाही. मोडलेल्या हाडाचं मला काही वाटलं नाही; ते मोडलं होतं हे माहीतच होतं. पण दुसरं शाबूत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मी डॉक्टर नव्हतो, हे आधी सांगून टाकतो. जुन्नर तालुक्यातल्या एका गावात, पिंपळवंडीपासून दोनेक कोसांवर, आमचा सरकारी दवाखाना होता. तिथे मी व्रणोपचारक होतो, म्हणजे जखमा धुणारा, पट्ट्या बांधणारा, डॉक्टरसाहेब सुई टोचताना बैलाची वेसण धरणारा. शिपाई म्हणून लागलो आणि बघून बघून शिकलो. साहेब गावोगाव फिरतीवर असले की दवाखान्यात मी एकटाच असे. मग लोक मला ‘धाकले डॉक्टर’ म्हणायला लागले. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं तेव्हा मी ‘अहो, डॉक्टर नाही मी’ असं म्हणालो होतो. नंतर म्हणेनासा झालो.

गाई, बैल, म्हशी, शेळ्या एवढंच आमच्याकडे यायचं. कुत्रं कोण आणतो दवाखान्यात? त्यामुळे नव्वदीच्या शेवटच्या काही वर्षांतल्या एका हिवाळ्यात एक नवराबायको सायकलच्या कॅरिअरवर पोत्यात गुंडाळलेलं तांबडं कुत्रं घेऊन आले, तेव्हा पारावरची माणसंही बघायला गोळा झाली.

त्यांची वस्ती पिंपळवंडीच्या शिवारात, मळ्यात होती. तिन्ही बाजूंनी ऊस. त्या वर्षांत बिबटे डोंगर सोडून उसात राहायला लागले होते, तिथेच त्यांची पिल्लं वाढत होती. मळ्यात राहणाऱ्याला कुत्रं म्हणजे हौस नव्हती. ते भुंकलं की माणूस जागा व्हायचा, डबे वाजवायचा, गोठ्यातल्या शेळ्या वाचायच्या.

“बैलानं लाथ झाडली,” नवरा म्हणाला. “पाय टेकीना.”

बायको तिशीच्या आतली असेल. तिनं कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपल्या पदरानं त्याचे डोळे झाकले. “आमच्या आत्याबाईंचा लई जीव हाय याच्यावर,” ती म्हणाली. आत्याबाई म्हणजे तिची सासू. “पाय बरा करूनच आण म्हणल्यात.”

डॉक्टरसाहेब दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेले होते. जाताना मला बजावून गेले होते, “अवघड काही आलं तर हात लावू नकोस. तालुक्याला पाठव.” मी ‘हो साहेब’ म्हणालो होतो.

मी पाय चाचपला. कोपराच्या खाली, मधोमध, हाताला कटकट लागली. पाय गरम होता आणि सुजायला लागला होता. त्यांना तालुक्याला पाठवायला हवं होतं. पण भोवती सात-आठ माणसं उभी होती आणि त्यातला एक म्हणाला, “आता बगा, धाकले डॉक्टर पिलाष्टर घालत्यात का न्हाई!” मी कपाटातून प्लास्टर काढलं.

वासराच्या पायाला प्लास्टर घालताना मी साहेबांना चार-पाचदा पाहिलं होतं. तेच डोळ्यांसमोर ठेवलं. कापूस थोडाच उरला होता, म्हणून एकच पातळ थर दिला. वासराचा पाय खुरापर्यंत झाकायचा, म्हणून कुत्र्याचाही पंजा पूर्ण झाकला, बोटांसकट. बोटं उघडी ठेवायची असतात, रोज हात लावून ती गार पडली की काय ते बघायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. सूज वाढणार आहे आणि तिला आत जागा लागणार आहे, हेही सुचलं नाही.

“आवळा, डॉक्टर, आवळा,” एकजण म्हणाला.

“ढिलं राह्यलं तर हाड वाकडं बसंल, राव.”

“गाडीचा कासरा आवळत्यात तसं पायजे.”

आमच्याकडे घट्ट ते चांगलं. गाडीतलं वैरणीचं ओझं असो, पाटावरच्या इंजिनाचा पट्टा असो, बाळंतिणीचं पोट असो, जो जास्त आवळतो तो हुशार. मीही त्याच मातीतला. मी आवळलं. प्रत्येक वेढ्याला कुत्रं विव्हळत होतं आणि ती बाई त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणत होती, “झालं हां, झालं. डॉक्टर बरं करत्यात तुला.”

“एकवीस दिवस सोडायचं नाही,” मी सांगितलं. पांढराशुभ्र, गुळगुळीत, खांबासारखा पाय झाला होता. माणसांनी माना डोलावल्या. मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती एकटीच चालत आली. नवरा ऊसतोडीच्या मागे होता.

“डॉक्टर, ते सारखं कण्हतंय हो. भाकरीकडं बगत न्हाई. पाय जमिनीवर आपटतंय.”

“हाड जुळताना दुखणारच, वहिनी.”

“पिलाष्टर चावायला बगतंय. आत कायतरी सलत आसंल का? सैल करून बगता का वाईच?”

“सैल केलं की सगळं वाया जाईल. त्याचं तोंड बांधा. चावणार नाही.”

तिनं पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये डोकं घातलं. ती गेली आणि तिनं कुत्र्याचं तोंड बांधलं. हे तिनं मला नंतर सांगितलं. चिंधीनं बांधायची, पाणी पाजायला सोडायची, पुन्हा बांधायची.

सहाव्या दिवशी ती परत आली. त्या दिवशी संकष्टी होती आणि मी ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला निघालो होतो. गावातला एकजण मोटारसायकल सुरू करून दाराशी थांबला होता, मी दवाखान्याला कुलूप लावत होतो.

“आता कण्हत न्हाई,” ती म्हणाली. “गप पडून आसतं.”

“बघा! आराम पडला की नाही?”

“पर वास येतोय, डॉक्टर.”

मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. मी कुलपातली किल्ली काढून खिशात टाकली.

“पाणी लागू दिलंत का प्लास्टरला?”

“न्हाई, न्हाई.” मग ती घुटमळली. “सकाळचा सडा घालते मी अंगणात. ते दाराशीच बसतं. शिंतोडा उडाला आसंल येखादा...”

“मग! मी सांगून दमलो, ओलं करू नका म्हणून.”

मी असं काहीही सांगितलेलं नव्हतं. एकवीस दिवस सोडू नका, एवढंच म्हणालो होतो. पण ती इतकी गोंधळली की तिलाच वाटलं, सांगितलं असेल आणि आपण विसरलो असू. “चुकलं माझं,” ती म्हणाली. मी गाडीवर बसलो. ओझरला मंदिरात बरीच रांग होती. रांगेत उभा असताना तो वास मला एकदाही आठवला नाही.

नवव्या दिवशी साहेब परत आले आणि त्याच दिवशी दुपारी नवराबायको कुत्र्याला घेऊन आले. या वेळी पोतं नव्हतं, पाटीत चिंध्या घालून त्याला निजवलं होतं. वास आधी आला, पाटी मागून.

साहेबांनी प्लास्टर कापायला घेतलं. मी शेजारी तबक धरून उभा होतो. वरचा भाग निघाला. खालचा निघताना त्याच्यासोबत पंज्याचं कातडं निघून आलं, मोजा काढावा तसं. आत काळं आणि पांढरं होतं. पांढरं म्हणजे काय, हे कळायला मला दोन-तीन क्षण लागले. बोटांची हाडं होती ती. कुत्रं ओरडलं नाही. त्या पायात ओरडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं मान वळवून माझा हात चाटला, कारण तबक धरलेला माझा हात त्याच्या तोंडाशी होता.

त्या बाईनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. नवरा म्हणाला, “आरं देवा, हे काय झालं?”

आणि मी, कुणी विचारलं नसताना, म्हणालो, “पाणी लागू दिलंय यांनी. सडा मारताना भिजवलंय.”

हे शब्द तोंडातून कसे आले, ते मला आजही सांगता येत नाही. विचार करून बोललो नाही. अंगावर काही येऊन पडताना माणूस हात वर करतो, तसे ते आले. पण आले, आणि नवऱ्यानं ते ऐकले. तो बायकोकडे वळला. “तरी आई म्हणत व्हती, दारातच पाणी सांडत आसती म्हणून.”

साहेबांनी कात्री खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लोकांसमोर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी त्या दोघांना समजावलं की पाय काढावा लागेल, नाहीतर विष अंगभर पसरेल. भुलीचं इंजेक्शन दिलं आणि कोपराच्या वरून पाय काढला. मी मदत केली. माझे हात शहाण्यासारखे काम करत होते.

सगळे गेल्यावर मी तो पाय कागदात गुंडाळून पुरायला निघालो.

“पुरू नकोस,” साहेब म्हणाले. “डबा घे. धुण्याचा सोडा टाक, पाणी घाल आणि उकळ.”

दवाखान्यामागे तीन दगड मांडून मी दोन दिवस ते उकळलं. मांस सुटलं. हाडं गोळा करून घासली, उन्हात वाळवली. मग साहेबांनी मला टेबलाशी बसवलं आणि वर्तमानपत्रावर ती मांडायला लावली. वर दंडाच्या हाडाचा कापलेला तुकडा. खाली दोन लांब हाडं. मग मनगटाचे सात खडे, वाटाण्याएवढे, गव्हाएवढे. मग तळव्याची पाच. मग बोटांची पेरं. पेरांच्या टोकांना नख्या. माझं चुकलं की साहेब सगळं एकत्र करून पुन्हा मांडायला लावत. ते रागावत नव्हते, हेच भयंकर होतं.

“मोड दाखव,” ते म्हणाले.

मी लांब हाडांतलं पुढचं उचललं. मधोमध सरळ मोड होती, खडू मोडावा तशी.

“आता मागचं बघ.”

मागचं हाड मी दोन्ही हातांत घेतलं. बोटं फिरवली. कुठे चीरसुद्धा नव्हती.

“दोन्ही जवळ धर,” साहेब म्हणाले. मी धरली. अखंड हाड मोडलेल्याला पाठीशी घेऊन बसलं, नेमकं, खाच ना खाच जुळवून. “कळलं? एक मोडलं तरी दुसरं त्याला धरून होतं. देवानं आतूनच आधाराची कामटी बांधून दिली होती. तू काही केलं नसतंस, नुसतं त्याला कोंडून ठेवलं असतंस, तरी महिन्याभरात लंगडत का होईना चाललं असतं.”

मी हाडं परत वर्तमानपत्रावर ठेवली.

“तिला तू सांगणार की मी सांगू?”

“मी सांगतो, साहेब.”

“नक्की?”

“नक्की.”

दीड-दोन महिन्यांत साहेबांची बदली झाली. मी सांगितलं असेल असं धरून ते गेले. मी सांगितलं नव्हतं. आज जाऊ, उद्या जाऊ, करत राहिलो. नोकरी जाईल ही भीती होती, पण खरं कारण ते नव्हतं. गावात शिरताना माणसं ‘या डॉक्टर’ म्हणायची, ते जाईल, याची भीती होती. एवढ्या हलक्या गोष्टीसाठी मी गप्प बसलो, हे लिहितानाही मान वर होत नाही.

कुत्रं जगलं. तीन पायांवर उड्या मारत मळ्यात फिरायचं, भुंकायचंही. पावसाळा संपता संपता, ऊस डोक्यावर गेलेला असताना, एका संध्याकाळी बिबट्यानं त्याला अंगणातून उचललं. त्यानंतर आठ दिवसांत दोन शेळ्या गेल्या. हे मला गावात कळलं. सांगणारा म्हणाला, “तीन पायाचं कुत्रं किती पळनार? सुनेनं पाय घालवला त्याचा. म्हातारी रोज शिव्या घालतीया तिला.”

मला वाटतं, मी ‘अरेरे’ म्हणालो.

दिवाळीनंतर ती शेळ्यांना लस टोचून घ्यायला आली. नवीन डॉक्टर बाहेर लस देत होते, मी आत सुया धूत होतो. ती सुई मागायला की चिठ्ठी घ्यायला आत आली आणि खिडकीपाशी थांबली. तिथे फळीवर मी ती हाडं मांडून ठेवली होती. साहेब गेल्यावरही मी ती टाकली नव्हती. दर आठ-पंधरा दिवसांनी विस्कटायचो आणि पुन्हा मांडायचो. का, ते सांगता येणार नाही.

“हे कशाचं?” तिनं विचारलं.

“शेळीचं,” मी म्हणालो.

ती वाकली. शेळ्यांत वाढलेली बाई ती. “शेळीला बोटं कुठनं आली, डॉक्टर? शेळीची खालची नळी येकच आसती, खाली दोन खूर.” तिनं बोट पुढे केलं, पण हाडाला लावलं नाही. “ह्ये तर...” ती थांबली. “आमच्याच कुत्र्याचा हाय व्हय?”

मी होकारार्थी मान हलवली.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर मी सगळं बोललो असतो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, “कुठं मोडला व्हता?”

मी दाखवलं. तिनं ती मोड पाहिली, मग शेजारचं अखंड हाड पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“येवढंच?” ती म्हणाली. “येवढंच मोडलं व्हतं? आन मी वाईच पाण्यापायी अख्खा पाय घालवला त्याचा.”

माझ्या हातात धुतलेली सुई होती. ती मी तबकात ठेवली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र साधाच होता. ती म्हणाली, आता आत्याबाई तिला सडा घालू देत नाहीत. तिची जाऊ घालते. सासू आल्या-गेल्याला सांगते, हिच्या हाताखाली कायबी देऊ नका, जितं कुजवील. मागच्या महिन्यात जावेचं तान्हं पोर तिनं उचललं, तर सासूनं हातातून काढून घेतलं.

“गुन्हा हाय माझा,” ती म्हणाली. “त्या बी काय खोटं बोलत न्हाईत.”

बाहेरून डॉक्टरांनी सुई मागितली. मी तबक उचललं आणि बाहेर गेलो. परत आत आलो तेव्हा ती निघून गेली होती.

त्या दिवशी मी हाडं उचलून लिंबाखाली पुरली. पश्चात्तापानं नव्हे, पुन्हा कुणी विचारू नये म्हणून.

दोन हजार साल उलटल्यावर माझी बदली आंबेगाव तालुक्यात झाली, पार पश्चिमेला. महिन्यातून काही दिवस आहुप्याकडच्या वाड्यांवर लसीकरणाला जावं लागे. घाटमाथ्यावरचा, धुक्यातला, राईतला मुलूख. तिथे एका वाडीत एक म्हातारा होता, जनावरांची, माणसांची हाडं बसवणारा. त्याच्या ओट्यावर एक काळं कुत्रं बसलं होतं. कड्यावरून पडून त्याचा पुढचा पाय मोडला होता, आणि पायाला बांबूच्या चार बारीक कामट्या सुतानं बांधलेल्या होत्या. इतक्या सैल की मला त्या सुटतील असं वाटलं.

“बाबा, हे ढिलं झालंय,” मी म्हणालो.

“ढिलंच पायजे,” म्हातारा म्हणाला. “सुताखाली करंगळी फिरली पायजे. आवळलं की मेलं.” बोलता बोलता त्यानं कुत्र्याच्या उघड्या बोटांना हात लावला. “रोज सकाळ-सांज बोटं बघायची. गार लागली की सोडायचं, पुन्ना बांधायचं. ह्ये तर माझ्या नातीलाबी कळतंय. तुमी डॉक्टर ना?”

“नाही,” मी म्हणालो. “मी डॉक्टर नाही.”

कितीतरी वर्षांनी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं. ज्याला मी अवघड म्हणत होतो, ज्ञान नव्हतं म्हणून स्वतःला माफ करत होतो, ते त्या वाडीत एका लहान मुलीला ठाऊक होतं. नुसतं बोटांना हात लावायचा. ती बाई दोनदा चालत आली होती, आणि मी दोन कोस जाऊन बोटांना हात लावला नव्हता.

पुढच्या रविवारी मी घोडेगाव, मंचर, नारायणगाव अशा एसट्या बदलत पिंपळवंडीला उतरलो आणि मळ्याची वाट धरली.

ती गोठ्यापाशी विळ्यानं कडवळाचा चारा कापत होती. केस कानाशी पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं. “या डॉक्टर. लई दिसांनी.”

मी उभ्यानंच सांगितलं. बसलो असतो तर कदाचित सांगितलं नसतं. पाणी लागलं नव्हतं, प्लास्टर मी आवळलं होतं, मला येत नव्हतं, आणि नवव्या दिवशी मी खोटं बोललो. सगळं.

“पाणी न्हाई लागलं?” तिनं विचारलं.

“नाही.”

“शिंतोडाबी न्हाई?”

“शिंतोड्यानं पाय जात नाही, वहिनी.”

ती विळा हातात धरूनच उठली. “मला सांगून काय उपेग? चला, आत्याबाईंना सांगा.”

सासू ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. डोळे अधू झाले होते, कान शाबूत होते. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकलं आणि हसली.

“लई भला माणूस हाय. दुसऱ्याचं आपल्या आंगावर घेतोय. हिनंच गळ घातली आसंल तुला, सासूला समजाव म्हणून. आरं, सडा मी या डोळ्यांनी बघितलाय.”

खोटं मी एका वाक्यात बोललो होतो, आणि ते लगेच खरं झालं होतं. खरं मी दोनदा सांगितलं, तर ते माझा चांगुलपणा ठरलं.

“थोडी सुतळी द्या,” मी सुनेला म्हणालो.

तिनं दिली. मी ती डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळली, वेढ्यावर वेढा, दातांनी ओढून गाठ मारली आणि हात म्हातारीच्या पुढ्यात ठेवला. “बघा.”

“ह्यो काय पोरखेळ?”

“बघत राहा.”

बोट लाल झालं, मग जांभळं. ठोके पडायला लागले. म्हातारीनं शेंगा बाजूला सारल्या आणि तोंड जवळ आणलं. तिनं बोटाचं टोक चाचपलं. “गार पडलंय की.”

“असंच आवळलं होतं मी. वर आतून सूज. आणि नऊ दिवस.”

ती बोट धरूनच राहिली. सून नुसती खांबाला टेकून पाहत होती.

“सोड आता,” म्हातारी म्हणाली. मग मोठ्यानं, “सोड म्हणते ना! बोट जाईल की मेल्या!”

गाठ रुतली होती, सुटेना. सुनेनं विळ्याचं टोक सुतळीखाली घातलं आणि एका हिसक्यात कापली. रक्त परत येताना अशी आग झाली की मी खाली बसलो.

म्हातारी सुनेकडे वळली. “तू दोनदा गेलतीस न्हवं याच्याकडं?”

“व्हय.”

“मग पाय आवळलाय म्हणून मला का न्हाई बोललीस?”

“बोलले व्हते, आत्याबाई. तिसऱ्या दिशीच बोलले. तुमी म्हणलात, डॉक्टरापरीस तुला जास्ती कळतंय व्हय?”

म्हातारीचा हात टोपलीतल्या शेंगांवर पडला, पण तिनं शेंग उचलली नाही.

सून माझ्याकडे आली. “तिसऱ्या दिशी,” ती म्हणाली, “मी सैल करा म्हणले व्हते. तवा सोडलं आसतं तर पाय ऱ्हायला आसता?”

हे मी तोवर सांगितलं नव्हतं. सगळं सांगितलं असं मी समजत होतो, पण हे सांगितलं नव्हतं.

“राहिला असता,” मी म्हणालो.

“आन मी त्याचं तोंड बांदून ठिवलं.”

मी बोटावरचा सुतळीचा वळ चोळत राहिलो. म्हातारी म्हणाली, “चहा ठेव गं पावण्याला.” तो सवयीचा शब्द होता.

“दूध न्हाई घरात,” सून म्हणाली. गोठ्यात म्हैस होती, दुधाची कासंडी चुलीपाशी झाकून ठेवलेली ओसरीवरून दिसत होती. ते म्हातारीलाही ठाऊक होतं; ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

“जावा तुमी आता,” सून मला म्हणाली.

मी चपला घातल्या आणि निघालो.